ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल पॅनेलला जोडताना: पहिल्यांदा हे काम करणाऱ्यांसाठी

फेज तुटला की अंधार होतो. न्यूट्रल तुटला की उजेड वाढतो. हे मला एका प्रसंगाने कायमचं शिकवलं. कामाला लागून दुसरं वर्ष होतं. आदल्याच आठवड्यात बसवलेल्या ट्रान्सफॉर्मरवरून एका इमारतीचा सप्लाय सुरू होता आणि निरोप आला, की एका मजल्यावरचे दिवे डोळ्यांना त्रास होईल इतके उजळलेत, वरच्या मजल्यावरचे मात्र मिणमिणतायत. आम्ही पोचेपर्यंत खालच्या मजल्यावरची चार उपकरणं जळून गेली होती. मेन बंद केला, सप्लाय गेल्याची खात्री केली आणि न्यूट्रल बारवरच्या लगला (केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या डोळ्याला) हात लावला, तर तो बोटाने हलला. बोल्ट होता, साधा वॉशर होता, स्प्रिंग वॉशर नव्हता. लगच्या मागचं दोन बोटं इन्सुलेशन तपकिरी पडून कडक झालं होतं आणि करपलेल्या प्लॅस्टिकचा वास पॅनेलभर भरला होता.

असं का झालं, ते एका हिशोबात कळतं. समजा ४०० व्होल्टच्या थ्री-फेज सप्लायमध्ये एका फेजवर १००० वॅटचा हीटर आहे, दुसऱ्या फेजवर १०० वॅटचा बल्ब, तिसऱ्यावर काहीच नाही. न्यूट्रल जागेवर आहे तोवर दोघांना २३० व्होल्ट मिळतात. न्यूट्रल सुटला की हीटर आणि बल्ब दोन फेजच्या मधे एकापुढे एक येतात आणि ४०० व्होल्ट आपापल्या रोधाप्रमाणे वाटून घेतात. हीटरचा रोध साधारण ५३ ओहम, बल्बचा ५२९. हीटरच्या वाट्याला जेमतेम ३६ व्होल्ट येतात, बल्बच्या वाट्याला ३६४. बल्ब जातो. बल्बच्या जागी टीव्ही असेल तर टीव्ही जातो. आणि या सगळ्यात एकही एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, कारण करंट तो पाडण्याइतका वाढलेलाच नसतो.

म्हणून पॅनेलमधली सगळ्यात जास्त काळजी मी न्यूट्रलच्या जोडणीची घेतो.

आधी हे काम कुणाचं, ते बघा

इथे जे सांगतोय ते इमारतीच्या किंवा कारखान्याच्या आत, पॅनेलच्या आधी बसवलेल्या लो-व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरबद्दल आहे: स्टेप-डाउन किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. वीज कंपनीच्या खांबावरच्या किंवा सबस्टेशनमधल्या ट्रान्सफॉर्मरला हात लावायचा अधिकार आपल्याला नाही. आतलं कामही परवानाधारक इलेक्ट्रिशियनने किंवा त्याच्या देखरेखीखाली करायचं. तुम्ही शिकाऊ असाल तर हे वाचा, समजून घ्या आणि वरिष्ठांच्या शेजारी उभं राहून करा. तुम्ही घरमालक असाल तर स्वतः करू नका. पण तुमच्याकडे काम करणाऱ्याला योग्य प्रश्न विचारण्यासाठी हे नक्की वाचा.

हाताशी काय हवं

कागदांमध्ये ट्रान्सफॉर्मरची नेमप्लेट (फोटो काढून ठेवा), उत्पादकाचं जोडणीचं चित्र, इमारतीचा सिंगल लाइन डायग्राम (कुठून कुठे सप्लाय जातो, ते एकेका रेघेने दाखवणारा नकाशा), अर्थिंगच्या मोजमापांची नोंद आणि तुमच्या भागात लागू असलेले वायरिंगचे नियम. सिंगल लाइन डायग्राम नसेल तर काम सुरू करण्याआधी स्वतः फिरून काढा. कोणत्या पॅनेलनंतर कोणतं पॅनेल आहे हे माहीत नसताना न्यूट्रलचं काम करणं म्हणजे डोळे बांधून जिना उतरणं.

हत्यारांमध्ये विश्वासाचा व्होल्टेज टेस्टर, मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर, ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं मीटर), टॉर्क पाना, लगच्या मापाची डाय असलेलं क्रिम्पिंग टूल, वायर ब्रश, कुलूप आणि टॅग. निऑनचा स्क्रू-ड्रायव्हर टेस्टर खिशात असू द्या, पण त्याच्या भरवशावर हात घालू नका.

१. नेमप्लेट वाचा, न्यूट्रल खरंच बाहेर आहे का ते बघा

नेमप्लेटवर व्हेक्टर ग्रुप लिहिलेला असतो. सगळ्यात नेहमीचा म्हणजे 'डीवायएन ११'. पहिलं अक्षर मोठ्या व्होल्टेजच्या बाजूचं: डेल्टा, म्हणजे तीन वाइंडिंग त्रिकोणात जोडलेली. दुसरं लहान व्होल्टेजच्या बाजूचं: स्टार, म्हणजे तिन्हींचं एकेक टोक एका बिंदूत जोडलेलं. 'एन' म्हणजे स्टारचा मधला बिंदू टर्मिनलवर बाहेर काढलेला आहे. ११ हा आकडा घड्याळाच्या काट्यासारखा वाचायचा. दोन्ही बाजूंत ३० अंशांचा फरक आहे, एवढंच तो सांगतो.

'एन' नसेल तर तिथे न्यूट्रल नाही. सेकंडरी (सप्लाय पुढे देणारी बाजू) डेल्टा असेल तर मधला बिंदूच अस्तित्वात नसतो. अशा वेळी 'अर्थलाच न्यूट्रल करून टाकू' असं म्हणणारं कुणी ना कुणी भेटतं. कितीही घाई असली तरी ते करू नका. तसं केलं तर रोजचा लोड करंट उपकरणांच्या बॉडीशी जोडलेल्या वायरमधून वाहायला लागतो, आणि ती वायर एका ठिकाणी सुटली की तिच्यापुढची सगळी धातूची बॉडी जिवंत होते.

सिंगल-फेज, मधून टॅप काढलेल्या १२०/२४० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये मधला टॅप हाच न्यूट्रल असतो. थ्री-फेजचे आकडे आणि हार्मोनिकचा भाग सोडला, तर जोडणीबद्दलचं पुढचं सगळं त्यालाही लागू आहे.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर उलटा वापरून व्होल्टेज वाढवायचं असेल, तर स्टारची बाजू प्रायमरी (सप्लाय घेणारी बाजू) होते. तेव्हा तिचा न्यूट्रल टर्मिनल अर्थला किंवा आलेल्या न्यूट्रलला जोडायचा नाही, इन्सुलेट करून ठेवायचा. जोडला तर सप्लायच्या बाजूला झालेल्या फॉल्टचा करंट या वाइंडिंगमधून फिरायला लागतो. शिवाय उलटं वापरायला उत्पादकाची परवानगी आहे का, ते आधी विचारा.

२. प्रायमरीचा न्यूट्रल विसरा

नव्या माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. मागच्या पॅनेलमधून तीन फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा पाच वायर येतात. डेल्टा प्रायमरीला तीन फेज लागतात, अर्थ बॉडीला जाते आणि न्यूट्रल हातात उरतो. मग 'उरलाय तर पुढच्या न्यूट्रलला जोडू' असं वाटतं.

जोडू नका. प्रायमरी आणि सेकंडरी वाइंडिंगमध्ये विजेची थेट जोडणी नसते, ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते. म्हणजे सेकंडरीपासून एक नवीन सप्लाय सुरू होतो आणि त्याचा न्यूट्रलही नवा, स्टार बिंदूपासून जन्मलेला. मागचा न्यूट्रल टोपी लावून, पट्टी चिकटवून बंद करा. तो आणलाच नाही तर उत्तम.

अर्थ वायरचं तसं नाही. ती मागून पुढे अखंड चालू राहते.

३. न्यूट्रल आणि अर्थची लिंक: एकदाच, एकाच जागी

सगळं काम या पायरीवर उभं आहे, म्हणून इथे थोडा वेळ थांबा.

नवा स्टार बिंदू कशालाही जोडला नाही तर तो तरंगत राहतो. एखाद्या मशीनमध्ये फेज बॉडीला टेकला, तर करंटला ट्रान्सफॉर्मरकडे परतायला वाट नाही. एमसीबी पडत नाही आणि मशीन कुणाच्या तरी हाताची वाट बघत उभं राहतं. हे टाळायला न्यूट्रल बार आणि अर्थ बार यांच्यात एक जाड लिंक टाकतात.

काही जण म्हणतात, लिंक कशाला, ट्रान्सफॉर्मरला वेगळा अर्थ पिट आहे, मशीनलाही आहे, जमिनीतून वाट मिळेल की. हिशोब करून बघा. दोन्ही पिटचा रोध अगदी चांगला, ५-५ ओहम धरला, तरी एकूण १० ओहम झाले. २३० भागिले १०, म्हणजे २३ ॲम्पिअर. ३२ ॲम्पिअरचा एमसीबी एवढ्याने कधीच पडणार नाही आणि मशीनच्या बॉडीवर ११५ व्होल्ट राहतील. तेच तांब्याच्या अर्थ वायरने लिंकमार्फत वाट दिली आणि पूर्ण वळशाचा रोध ०.४ ओहम आला, तर करंट ५७५ ॲम्पिअर होतो. बी-प्रकारचा ३२ ॲम्पिअरचा एमसीबी १६० ॲम्पिअरला तत्काळ पडायलाच हवा. तो पडतो. एमसीबी पाडायचं काम तांब्याचं आहे, मातीच्या भरवशावर ते सोडू नका.

आता 'एकदाच' का? मुख्य पॅनेलमध्ये लिंक आहे आणि पुढच्या पॅनेलमध्येही कुणी टाकली, तर न्यूट्रल आणि अर्थ या दोन समांतर वाटा होतात आणि लोड करंट दोघांत वाटला जातो. मी एका वर्कशॉपमध्ये हिरव्या वायरवर क्लॅम्प लावला तेव्हा त्यावर ११ ॲम्पिअर दिसत होते. मशीन सगळी व्यवस्थित चालत होती, कुणाची तक्रार नव्हती. फक्त एक आरसीसीबी (करंटची गळती दिसली की सप्लाय तोडणारा स्विच) अधूनमधून पडायचा आणि 'खराब आहे' म्हणून तो दोनदा बदलून झाला होता. अर्धा दिवस शोधल्यावर तिसऱ्या पॅनेलच्या तळाशी, केबलच्या मागे, न्यूट्रल बारपासून बॉडीपर्यंत वीतभर तांब्याची पट्टी सापडली. ती काढली, अर्थवरचा करंट शून्यावर आला. आरसीसीबी पहिल्यापासून खरं तेच सांगत होता.

लिंक ट्रान्सफॉर्मरपाशी टाकायची की पहिल्या पॅनेलमध्ये? नियम दोन्हीपैकी एक निवडू देत असतील तर मी पॅनेल निवडतो, कारण चाचणीसाठी लिंक उघडायला ट्रान्सफॉर्मरचं झाकण काढावं लागत नाही. जमिनीत पुरलेल्या इलेक्ट्रोडकडे जाणारी वायरही त्याच जागेवरून न्या. काही देशांच्या नियमांत ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलला दोन वेगवेगळ्या इलेक्ट्रोडपर्यंत जाणाऱ्या दोन स्वतंत्र जोडण्या लागतात. तुमच्याकडे तसं असेल तर त्या दोन्ही एकाच बिंदूवरून काढा. त्याने नियम मोडत नाही, कारण लिंक तरीही एकच राहते.

जागा कोणतीही असो, ट्रान्सफॉर्मरची बॉडी आणि पॅनेलचा अर्थ बार यांच्यामध्ये पूर्ण मापाची अर्थ वायर लागतेच. फॉल्टचा करंट त्याच वाटेने परत येतो. पहिल्या पॅनेलनंतरच्या प्रत्येक पॅनेलमध्ये न्यूट्रल बार बॉडीपासून इन्सुलेटरवर उचललेला असला पाहिजे.

४. न्यूट्रलचं माप

लोड तिन्ही फेजवर सारखा असेल तर न्यूट्रलमध्ये करंट नसतो, हे खरं. पण तसा लोड पुस्तकात असतो. ४०, ४० आणि १० ॲम्पिअर असा लोड असेल तर न्यूट्रलमध्ये ३० ॲम्पिअर वाहतात.

आणि आता एलईडी ड्रायव्हर, संगणक, चार्जर यांची भर पडली आहे. यांच्या करंटमध्ये तिसरा हार्मोनिक असतो, म्हणजे ५० हर्ट्झच्या सप्लायमध्ये १५० हर्ट्झचा. तिन्ही फेजचे मूळ करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांना खोडतात, हा मात्र खोडला जात नाही, त्याची बेरीज होते. प्रत्येक फेजमध्ये १० ॲम्पिअर तिसरा हार्मोनिक असेल तर न्यूट्रलमध्ये ३०. अर्ध्या मापाचा न्यूट्रल टाकायची जुनी सवय म्हणूनच धोक्याची आहे. फेजच्या मापाचा न्यूट्रल ही किमान मर्यादा धरा. संगणकांचा किंवा एलईडीचा भरणा असेल तर त्याहून मोठा टाका. ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल टर्मिनल किती करंटसाठी केलाय, तेही विचारून घ्या.

फेजचा करंट काढायला सोपं आहे: २५ केव्हीए, ४०० व्होल्ट म्हणजे सुमारे ३६ ॲम्पिअर.

अर्थ वायरसाठी आंतरराष्ट्रीय पद्धतीतला ठोकताळा असा, की दोन्ही वायर एकाच धातूच्या असतील तर १६ चौरस मिलिमीटरपर्यंत फेजइतकीच, १६ ते ३५ च्या दरम्यान १६, आणि त्यापुढे फेजच्या निम्मी.

५. सप्लाय बंद करा आणि तसं सिद्ध करा

प्रायमरीचा ब्रेकर बंद, त्याला कुलूप, किल्ली तुमच्या खिशात, टॅगवर तुमचं नाव. मग पलीकडची बाजू बघा: पुढच्या पॅनेलवर जनरेटर, यूपीएस किंवा सोलर इन्व्हर्टर आहे का? ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी चालतो. खालून सप्लाय आला तर वरच्या बाजूला मोठं व्होल्टेज उभं राहील. तेही बंद करा आणि कुलूप लावा.

टेस्टर आधी चालू सप्लायवर तपासा, मग बंद जागेवर, मग पुन्हा चालू सप्लायवर. मधल्या वेळी टेस्टरच गेला असेल तर शेवटच्या तपासणीत कळतं. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्येही तपासा. 'न्यूट्रलच तर आहे' म्हणून उघड्या हाताने धरलेल्या वायरने अनेकांना शॉक बसलाय, कारण तिच्या दुसऱ्या टोकाला वेगळ्याच सर्किटचा लोड असतो.

६. केबल आत घेताना

तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकत्र, एकाच पाइपातून किंवा ट्रेमधून न्या. सिंगल-कोअर केबल असतील आणि लोखंडी पत्र्याला प्रत्येकीसाठी वेगळं भोक पाडलं, तर त्या भोकांभोवतीचा पत्रा चुंबकीय क्षेत्राने तापतो. चौघींना एकच मोठं भोक ठेवा, किंवा ग्लँडची प्लेट ॲल्युमिनियमची घ्या.

रंगावर विसंबू नका. लाल-पिवळा-निळा या पद्धतीत निळा म्हणजे फेज. आंतरराष्ट्रीय पद्धतीत तोच निळा म्हणजे न्यूट्रल. काळा एका देशात न्यूट्रल, तर उत्तर अमेरिकेत फेज. दोन्ही टोकांना कंटिन्युइटी बघा आणि मगच फेरूल (वायरवरची खुणेची नळी) लावा.

७. लग आणि बोल्ट

लग केबलच्या मापाचाच घ्या. मोठा लग घेऊन तारा दुमडून भरणं, किंवा छोट्या लगमध्ये बसाव्यात म्हणून चार तारा कापणं, दोन्ही सारखंच वाईट. इन्सुलेशन सोलताना ब्लेड तांब्याला लागू देऊ नका. क्रिम्प केल्यावर लग धरून जोरात ओढून बघा.

केबल ॲल्युमिनियमची आणि बार तांब्याचा असेल तर बायमेटल लग लागतो. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर क्षणात तयार होतो, म्हणून आधी ब्रशने घासा, लगेच जॉइंट कंपाउंड लावा आणि लगेच क्रिम्प करा.

बोल्टखाली साधा वॉशर, त्यावर स्प्रिंग वॉशर, आणि टॉर्क पान्याने उत्पादकाने दिलेल्या मापाइतकं आवळायचं. 'हाताला कळतं' असं म्हणू नका. आवळून झाल्यावर बोल्टच्या डोक्यावरून बारपर्यंत मार्करने एक रेघ ओढा. पुढे कधी बोल्ट हलला तर रेघ तुटलेली दिसेल. न्यूट्रल बारवर एका स्क्रूखाली एकच वायर. अर्थच्या जोडणीखालचा रंग खरवडून चकचकीत धातू दिसू द्या.

न्यूट्रलमध्ये फ्यूज नको, एकटा स्विचही नको. फोर-पोल ब्रेकर असेल तर त्याचा न्यूट्रल पोल फेजच्या आधी उघडत नाही आणि फेजच्या नंतर लागत नाही, अशाच बनावटीचा घ्या.

८. जोडणीचा क्रम

आधी अर्थ, मग न्यूट्रल, शेवटी फेज. काढताना उलट. सप्लाय बंद असतानाही हाच क्रम ठेवा, म्हणजे तो अंगवळणी पडतो.

९. सप्लाय देण्यापूर्वी

न्यूट्रल-अर्थ लिंक उघडा, सर्ज अरेस्टर आणि इलेक्ट्रॉनिक लोड सोडवा, आणि ५०० व्होल्टच्या मेगरने फेज-अर्थ व न्यूट्रल-अर्थ बघा. नियमाप्रमाणे किमान १ मेगाओहम हवा. पण नव्या कोऱ्या केबलला जेमतेम १ आला तर मी तिथेच थांबतो आणि कारण शोधतो. ट्रान्सफॉर्मर जोडलेला असताना फेज आणि न्यूट्रलमध्ये मीटर जवळपास शून्य दाखवेल. घाबरू नका, मधे वाइंडिंग आहे.

लिंक उघडी असतानाच पुढच्या सगळ्या पॅनेलचे न्यूट्रल जोडून न्यूट्रल-अर्थ पुन्हा मोजा. शून्य आलं तर कुठेतरी दुसरी लिंक लपलेली आहे. ती पकडायची याहून सोपी वेळ नंतर मिळत नाही.

मग लिंक परत बसवा. ही विसरली जाते. मी काढलेली लिंक पॅनेलमध्ये कुठेही न ठेवता कुलपाच्या किल्लीला बांधतो, म्हणजे कुलूप उघडायला गेलं की ती हातात येतेच.

१०. सप्लाय दिल्यावर

सगळे आउटगोइंग (पुढे जाणाऱ्या सर्किटचे ब्रेकर) बंद ठेवून इन्कमर (पॅनेलचा मुख्य ब्रेकर) लावा. फेज-फेज तिन्ही मोजमापं ४०० च्या आसपास, फेज-न्यूट्रल तिन्ही २३० च्या आसपास आणि एकमेकांना जवळ, न्यूट्रल-अर्थ जवळपास शून्य.

इथे बरेच जण काम संपवतात. पण लोड नसताना नुसता टेकलेला न्यूट्रलही २३० दाखवतो. म्हणून एका फेजवर २ किलोवॅटचा हीटर लावा आणि तीन गोष्टी बघा. बाकीच्या दोन फेजचं व्होल्टेज वर उडत असेल, तर न्यूट्रलची जोडणी कच्ची आहे. ट्रान्सफॉर्मरकडे जाणाऱ्या न्यूट्रलवर क्लॅम्प लावा, हीटरच्या फेजइतकाच, म्हणजे साधारण ८.७ ॲम्पिअर करंट दिसला पाहिजे. आणि अर्थ वायरवर क्लॅम्प लावा, तिथे शून्य. न्यूट्रलवर ६ आणि अर्थवर पावणेतीन असं काही दिसलं तर पायरी ३ वर परत जा. हीच चाचणी उरलेल्या दोन्ही फेजवर करा.

शेवटच्या पॅनेलमध्ये भरल्या लोडला न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट दिसले तर ते चांगलं लक्षण आहे, न्यूट्रलमधल्या करंटचा तो ड्रॉप आहे. भरपूर लोड असतानाही तिथे अगदी शून्य दिसलं, तर मी त्या पॅनेलचा तळ टॉर्च लावून बघतो.

सगळी मोजमापं, तारीख आणि लिंकची जागा एका कागदावर लिहून पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. आठवडाभर पूर्ण लोड चालल्यावर परत या. लोड चालू असताना थर्मल कॅमेऱ्याने न्यूट्रलचा लग फेजच्या लगपेक्षा जास्त तापलाय का ते बघा. कॅमेरा नसेल तर सप्लाय बंद करून, खात्री करून, मार्करची रेघ आणि इन्सुलेशनचा रंग तपासा. तीही तारीख त्याच कागदावर लिहा.